शोकेसला वाजवायला निघालाय? नवीन रॉक बँडसाठी पायरी पायरीने

पहिल्या शोकेसनंतर आमचा ड्रमर गाडीत बसून अर्धा तास एक शब्द बोलला नाही. पुण्याहून पाच जण दोन विमानं बदलून गेलो होतो, वाजवायला मिळाली पंचवीस मिनिटं, साउंडचेक नाही, समोर मोजून सतरा माणसं, त्यातल्या बारा जणांच्या गळ्यात डेलिगेटचा पास, आणि त्या बारातले नऊ तिसरं गाणं सुरू व्हायच्या आत उठून गेले. आम्हाला वाटलं आपण घाण वाजवलं. तसं काही नव्हतं, सेट चांगला झाला होता, फक्त आपण कुठे आलोय हे आम्हाला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

हल्ली दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्यातरी बँडमधल्या पोरापोरींचा मेसेज येतो, "दादा, आमचं अमुक शोकेसला सिलेक्शन झालंय, जाऊ का?" प्रत्येकाला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी बेस वाजवतो, वकील किंवा सीए नाही, त्यामुळे व्हिसा आणि पैशांचे नियम जायच्या आधी स्वतः सरकारी साइटवर तपासा, ते बदलत राहतात.

पायरी १: शोकेस म्हणजे गिग, म्हणजे आपला नेहमीचा शो, नाही, हे आधी बँडमधल्या सगळ्यांना कळू द्या

आपल्या घरात शोकेस म्हणजे हॉलमधलं काचेचं कपाट, त्यात ठेवलेल्या वस्तू बघायच्या असतात, वापरायच्या नसतात. म्युझिक इंडस्ट्रीतला शोकेस साधारण तसाच. समोर येणारे लोक, म्हणजे ते डेलिगेट, हे बुकिंग एजंट, फेस्टिवलवाले, लेबलवाले, रेडिओवाले, पत्रकार, ते कामावर आलेले असतात आणि एका रात्रीत दहा-बारा बँड बघायचे असतात. मी पोरांना नेहमी सांगतो की हा कांदेपोह्याचा कार्यक्रम आहे, समोरचे वीस मिनिटं बसणार, बघणार, "कळवतो" म्हणणार आणि बहुतेक वेळा कळवणार नाहीत, आणि त्यात तुमच्या गाण्याचा काही दोष असेलच असं नाही.

ज्यांनी कॉलेज फेस्टला वाजवलंय, किंवा धोबीतलावच्या रंगभवनला १९८६ पासून भरलेल्या इंडिपेंडन्स रॉकच्या गोष्टी मोठ्यांकडून ऐकल्यात, किंवा २०१० ला पुण्यात सुरू झालेल्या एनएच७ वीकेंडरच्या चिखलात उभं राहून बँड ऐकलेत, त्यांना हे फार लागतं. कारण आपल्याला सवय आहे ती ऐकायला आलेल्या माणसाची. शोकेसला हाताची घडी घालून मागे उभा असलेला माणूस चिडलेला नसतो, तो हिशोब करत असतो. हे समजलं की निम्मा राग कमी होतो, उरलेला निम्मा खरा आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

पायरी २: कुठे जायचं आणि कोणासाठी, ते एका ओळीत लिहा

सगळ्यात मोठं नाव अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिनचं साउथ बाय साउथवेस्ट, १९८७ पासून दर मार्चमध्ये. इंग्लंडमध्ये ब्रायटनला मे महिन्यात द ग्रेट एस्केप, जर्मनीत हॅम्बुर्गला सप्टेंबरमध्ये रीपरबान फेस्टिवल, दोन्ही २००६ पासून. हॅम्बुर्गचा तो रीपरबान भाग म्हणजे जिथे बीटल्स प्रसिद्ध व्हायच्या आधी १९६० पासून क्लबांमध्ये रात्र रात्र वाजवायचे, त्यामुळे तिथे उभं राहताना अंगावर काटा येतो हे खरंच, पण काटा येणं हे जायचं कारण होऊ शकत नाही. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला जानेवारीत युरोसोनिक असतं पण ते युरोपियन बँडसाठी आहे, तिथे अर्ज भरत बसू नका. दक्षिण कोरियात सोलला झांडारी फेस्टा आहे, २०१२ पासून. तुमच्या रॉकमध्ये लोकसंगीत मुरलेलं असेल, म्हणजे संबळ, तुतारी असं काही, तर वोमेक्स बघा, ते दरवर्षी युरोपात भरतं आणि तिथले लोक असं संगीत शोधायलाच येतात.

आता एक ओळ लिहा. "आम्हाला जर्मनीत बुकिंग एजंट हवाय." किंवा "पुढच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधले तीन फेस्टिवल हवेत." नुसतं "एक्सपोजर मिळेल" असं लिहिलं असेल तर अजून जाऊ नका. आणि घरी बारा गिग वाजवून तयार नसलेला बँड बाहेर जाऊन तयार होत नाही.

पायरी ३: पैसे, आणि इथे जरा नीट बसा

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण कोणीतरी शोकेससाठीच केली असावी असं वाटावं इतका हिशोब उलटा असतो. ऑस्टिनचंच उदाहरण घेतो कारण त्याचे आकडे सगळ्यांसमोर आहेत. अर्ज भरायची फी ५५ डॉलरपर्यंत गेली होती, निवड होवो न होवो. निवड झाल्यावर २०२३ पर्यंत अमेरिकन बँडला पर्याय होता, एकतर अख्ख्या बँडला मिळून २५० डॉलर घ्या किंवा फेस्टिवलचे रिस्टबँड, म्हणजे मनगटावर बांधायचे प्रवेशाचे पट्टे, घ्या, एकट्या कलाकाराला १०० डॉलर. बाहेरच्या देशातल्या बँडला रोख पर्यायच नव्हता, फक्त रिस्टबँड. तिथल्या युनियन ऑफ म्युझिशियन्स अँड अलाइड वर्कर्स या संघटनेने यावर आवाज उठवला, सह्या गोळा केल्या, आणि मग २०२४ साठी रक्कम बँडला ३५० आणि एकट्याला १५० झाली. म्हणजे बोललं की हलतं, पण हललं किती तेही बघा.

आता तुमची बाजू मांडा. अमेरिकेच्या बी-वन बी-टू, म्हणजे व्हिजिटर, व्हिसाची फी माणशी १८५ डॉलर, पाच जणांचे ९२५, आणि अजून विमानात पाय ठेवलेला नाही. तिकिटं, जादा सामान, राहणं, खाणं, तिथली गाडी, इन्शुरन्स. आमच्या पहिल्या दौऱ्याला सगळं धरून साडेआठ लाखांच्या वर गेले, त्यातले आम्ही दोन वर्षांत गिग वाजवून साठवलेले साडेतीन आणि उरलेले घरच्यांकडून, आणि गिटारिस्टच्या आईने एफडी मोडली ती गोष्ट मला आजही बोचते. कॅनडात फॅक्टर आहे, ऑस्ट्रेलियात साउंड्स ऑस्ट्रेलिया आहे, ब्रिटनमध्ये पीआरएस फाउंडेशन शोकेससाठी पैसे देतं, तिकडचे बँड असा आधार घेऊन येतात, तुम्ही स्वतःच्या खिशातून जाताय. एकाच स्टेजवर एकाच दिवशी वाजवताय पण दोघांची रिस्क सारखी नाही, त्यामुळे त्यांचं बघून ठरवू नका.

माझा नियम असा की बँडच्या खात्यात निम्मे पैसे जमल्याशिवाय हो म्हणायचं नाही, आणि कोणाच्याही घरचे मोडून जायचं नाही. यंदा नाही जमलं तर पुढच्या वर्षी परत अर्ज करा.

अजून एक. मेल येतील, "अभिनंदन, तुमचा बँड निवडला गेलाय, स्लॉट पक्का करायला सहाशे डॉलर भरा." मोठी नावं अर्जाची फी घेतात पण निवडल्यावर स्लॉटचे पैसे मागत नाहीत. पैसे भरून मिळालेल्या स्लॉटवर समोर बसलेले सगळे बँडच असतात, सगळे पैसे भरून आलेले, एकमेकांना टाळ्या वाजवणारे. आम्ही एकदा भरलेत, म्हणून सांगतोय.

पायरी ४: व्हिसा

इथे चूक झाली तर वाजवायची वेळच येत नाही. मार्च २०१७ मध्ये सोव्हिएट सोव्हिएट नावाचा इटालियन बँड ऑस्टिनच्या फेस्टिवलसाठी आणि इतर काही शोसाठी अमेरिकेत आला, बिना व्हिसाच्या सवलतीवर, शो प्रमोशनचे आहेत, पैसे घेणार नाही असं सांगत. सिएटलला उतरल्यावर अधिकाऱ्यांनी अडवलं, हे काम आहे, तुम्हाला वर्क व्हिसा लागेल असं म्हणून एक रात्र डांबून ठेवलं आणि परत पाठवलं. इटालियन पासपोर्टवाल्यांचं हे झालं. आपल्याकडे तर ती सवलतही नाही, मुंबईला बीकेसीत जाऊन इंटरव्ह्यू द्यायचा, आणि तारखेसाठी महिनोन्महिने थांबावं लागू शकतं, त्यामुळे निवडीची वाट न बघता आधीच प्रत्येकाच्या पासपोर्टची मुदत आणि व्हिसाच्या तारखा बघायला लागा.

अमेरिकेत पैसे घेऊन वाजवायचं तर बँडसाठी पी-वन व्हिसा. त्यासाठी तिकडच्या एजंटने किंवा संस्थेने आय-१२९ हा अर्ज भरावा लागतो, तिकडच्या संगीतकार युनियनचं पत्र लागतं, आणि बँडमधले किमान ७५ टक्के लोक वर्षभर तरी एकत्र असल्याचं दाखवावं लागतं. म्हणजे मागच्या महिन्यात गिटारिस्ट आणि ड्रमर दोघंही बदलले असतील तर तिथेच अडकलात. अर्जाची फी एप्रिल २०२४ मध्ये ४६० डॉलरवरून १,०१५ झाली, छोट्या अर्जदारांना कमी आहे. व्हिजिटर व्हिसावर जाऊन गुपचूप बारमध्ये पैसे घेऊन वाजवणारे असतात, तुम्ही ते करू नका, पोस्टर इंस्टावर पडतं आणि अधिकारी इंस्टा बघतात.

ब्रिटन यात जरा बरं आहे. तिथल्या व्हिजिटर व्हिसावर आधीच ठरलेले, तिकडच्या संस्थेने आमंत्रण दिलेले पैशाचे कार्यक्रम पोचल्यापासून ३० दिवसांच्या आत करता येतात, फक्त ते प्रवासाआधी ठरलेले आणि अर्जात सांगितलेले हवेत. म्हणूनच माझं मत, पहिला शोकेस अशा देशात करा जिथे त्याच्या मागेपुढे दोन-चार पैशाचे गिग कायद्याने लावता येतील. शोकेसच्या दुसऱ्या दिवशी आम्ही एका छोट्या गावातल्या पबमध्ये वाजवलं, तिकीट लावून, साठ-सत्तर माणसं, शेवटचं गाणं त्यांनी परत एकदा वाजवायला लावलं आणि ड्रमर परत बोलायला लागला. पोटाला आणि डोक्याला दोन्हीला असे गिग लागतात.

पायरी ५: सामान

अँप नेऊ नका. बहुतेक ठिकाणी बॅकलाइन असते, म्हणजे अँप, बेस कॅबिनेट आणि ड्रमचा मुख्य सेट तिथलाच, पण स्नेअर, सिंबल्स, किक पेडल हे ड्रमरने स्वतःचं न्यायचं असतं. बॅकलाइनची यादी आधी लेखी मागवा. "अँप आहे" याचा अर्थ काहीही होऊ शकतो, आम्हाला एकदा बेससाठी गिटारचा छोटा कॉम्बो दिला होता. तेव्हापासून मी छोटा प्रीअँप आणि डीआय बॉक्स बॅगेत ठेवतो, काहीच नसलं तर सरळ कन्सोलमध्ये जायचं.

व्होल्टेज. आपल्याकडे २३० व्होल्ट, ब्रिटन-युरोपात तेच, पण अमेरिकेत १२०. पेडलबोर्डच्या पॉवर सप्लायवर मागे बारीक अक्षरात १००-२४० लिहिलं असेल तर फक्त पिन बदलायची, नुसतं २२० किंवा २३० लिहिलं असेल तर तो तिकडे नीट चालणार नाही. आमच्या गिटारिस्टचा जुना ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय होता, घरी कोणी मागे वळून बघितलं नाही, स्टेजवर लावला तर एकेक पेडल मिणमिणतंय, बदलाबदलीला पंधरा मिनिटं त्यातली दहा यात गेली, शेवटी गिटार सरळ अँपमध्ये घातली आणि तीन गाण्यांतला डिले, म्हणजे एकोसारखा इफेक्ट, न घेताच वाजवलं. हा लेख वाचून झाला की पहिलं काम उठून तो सप्लाय उलटा करून बघा.

कस्टम्स. महागडी वाद्यं असतील तर एटीए कार्नेट, म्हणजे सामान ड्यूटी न भरता तात्पुरतं नेऊन परत आणायचा कागद, काढा, आपल्याकडे ते फिक्की ही उद्योगांची संघटना देते. प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर, किंमत, कुठे बनली ते लिहायचं, वर्षभर चालतं, आणि निघताना, उतरताना, परत निघताना, घरी उतरताना प्रत्येक ठिकाणी शिक्का मारून घ्यायचा, एक शिक्का राहिला तर पुढे निस्तरत बसावं लागतं. एक-दोन गिटारच असतील तर निदान निघताना विमानतळावर आपल्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परत येताना तुमचीच गिटार तुम्ही बाहेरून विकत आणली नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागेल. लिथियमच्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनमध्ये नाही, हातातल्या बॅगेत.

पायरी ६: सेट बांधा आणि बदलाबदलीची प्रॅक्टिस करा

स्लॉट साधारण अर्धा तास ते चाळीस मिनिटं, आधीचा बँड उतरून तुम्ही चढायला पंधरा-वीस मिनिटं, त्यात साउंडचेक नाही, फक्त लाइन चेक, म्हणजे आवाज येतोय का एवढंच. त्यामुळे स्टेज प्लॉट आणि इनपुट लिस्ट एका पानावर तयार ठेवा, कोण कुठे उभा, कोणत्या चॅनलला काय, आणि त्याच्या चार प्रिंट न्या, कारण पाठवलेला मेल त्या साउंड इंजिनिअरपर्यंत पोचलेला नसतो. त्याचं नाव विचारा, त्याच्याशी नीट बोला, त्या दिवसाचा तो आठवा बँड करत असतो.

जॅमरूममध्ये रोज एकदा सगळं केसमध्ये भरा, मोबाइलवर बारा मिनिटं लावा, उघडा, जोडा, ट्यून करा, पहिलं गाणं सुरू. पहिल्या दिवशी आम्हाला एकवीस मिनिटं लागली होती.

सेटमध्ये सहा गाणी, सगळ्यात चांगलं पहिलं. शेवटासाठी राखून ठेवू नका, ज्याच्यासाठी राखलं तो तोपर्यंत शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या बँडला गेलेला असतो. लांब इंट्रो कापा. बँडचं नाव आणि गाव दोनदा सांगा.

बरेच जण विचारतात मराठी गाणी म्हणायची का. म्हणा. आमचं एक गाणं अख्खं मराठीत आहे, आधी आम्ही ते बाहेरच्या सेटमधून काढलं होतं कारण त्यांना कळणार नाही असं वाटलं, मग एकदा वेळ उरला म्हणून वाजवलं आणि नंतर भेटलेल्या तिन्ही माणसांनी त्याच गाण्याबद्दल विचारलं. इंग्लिशमध्ये चांगलं गाणारे बँड त्यांच्याकडे ढिगाने आहेत.

पायरी ७: माणसं तुम्ही बोलवा

हे न करता गेलात तर बाकीच्या सगळ्या पायऱ्या वाया. आयोजक तुम्हाला स्टेज देतात, माणसं देत नाहीत. तीन-चार आठवडे आधी डेलिगेटची यादी बघा, तुमच्यासारखं संगीत बुक करणारे वीसच निवडा, प्रत्येकाला वेगळा मेल, चार ओळींचा: आम्ही कोण, एक लाइव्ह व्हिडिओची लिंक, कुठे कधी वाजवतोय, आणि सकाळी दहा मिनिटं कॉफीला भेटता येईल का. रात्री सेटनंतर कोणी भेटत नाही, सगळे पळत असतात, आणि आवाजात काही ऐकूही येत नाही. वीसातले पाच उत्तर देतील, दोन येतील. त्या दोघांसाठीच आपण आलोय असं समजून वाजवा, आणि ते दोघं आधी ठरलेले असतील तर बाकीची रिकामी जागा डोळ्यांना खुपत नाही.

पायरी ८: तो आठवडा

ऑस्टिनला बँड अधिकृत एका शोकेसशिवाय दिवसाच्या पार्ट्यांमध्ये अजून चार-पाच सेट घेतात, संध्याकाळी सिक्स्थ स्ट्रीट गाड्यांना बंद असतो, म्हणजे सामान हातात घेऊन गर्दीतून चालत. दिवसाला दोनच्या वर सेट घेऊ नका, गायकाचा गळा तिसऱ्या दिवशी बसतो. आम्ही ऑस्टिनजवळच्या राउंड रॉकला माझ्या मावसभावाकडे उतरलो होतो, हॉटेलचा खर्च वाचलाच पण वहिनी रात्री दीड वाजता आमटी-भात गरम करून द्यायच्या आणि तेवढ्यावर आम्ही आठवडा काढला. तिथल्या मराठी लोकांना आधी कळवा, लाजू नका, महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला तरी कोणीतरी ड्रम ठेवायला गॅरेज देतं.

आणि तो उरलेला राग. साउंडवाल्यापासून बारवाल्यापर्यंत सगळ्यांना त्या रात्रीचे पैसे मिळतात आणि ज्याच्या नावाने दारावर बोर्ड लागलाय त्याला रिस्टबँड, हे चुकीचं आहे असं म्हणायला घाबरू नका. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणं किती दिवस चालणार. हो म्हणायच्या आधी मेलवर सरळ विचारा: मानधन किती, राहायची सोय आहे का, जेवण आहे का, रेकॉर्डिंग केलंत तर त्याचे हक्क कोणाचे. मी गेली पाच वर्षं विचारतोय, एकदाही विचारलं म्हणून स्लॉट गेला नाही, दोनदा राहायची सोय झाली. स्पॉन्सर कोण आहेत तेही बघून ठेवा. २०२४ मध्ये अमेरिकन सैन्याच्या स्पॉन्सरशिपवरून ऑस्टिनमधून ८० च्या वर कलाकारांनी माघार घेतली, त्याच वर्षी ब्रायटनमधून बार्कलेज बँकेवरून शंभरावर. तुमच्या बँडचं मत काय ते विमानात बसायच्या आधी आपसात बोलून घ्या, तिथे पोचल्यावर स्टेजमागे भांडण नको.

पायरी ९: परत आल्यावर

आठवड्याच्या आत भेटलेल्या प्रत्येकाला मेल, काय बोललो होतो त्याची एक ओळ टाकून. महिन्याने अजून एकदा. तिसऱ्यांदा नाही. आमचं जर्मनीतलं पहिलं बुकिंग शोकेसनंतर चौदा महिन्यांनी आलं, ज्या माणसाने पाठवलं तो दोन गाणी ऐकून निघून गेला होता म्हणून आम्ही त्याला नावं ठेवत होतो.

जायच्या आधीच गाणी आयपीआरएसकडे, म्हणजे गाण्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आपल्याकडच्या संस्थेकडे, नोंदवा आणि वाजवलेल्या सेटलिस्ट तारखेसकट जपून ठेवा, मानधन शून्य असलं तरी स्वतःची गाणी वाजवल्याची रॉयल्टी काही देशांतून येऊ शकते. सगळ्या खर्चाचा हिशोब पाचही जणांसमोर एकदा वाचा, कोणाचे किती देणं आहे ते त्याच दिवशी लिहा, आमचा एक चांगला कीबोर्डवाला न बोललेल्या अठरा हजारांवरून बँड सोडून गेला. आणि कार्नेटवर शेवटचा शिक्का आहे ना ते बघून ते फिक्कीला परत जमा करा, ते केल्याशिवाय कार्नेट काढताना तुम्ही तारण म्हणून ठेवलेली सिक्युरिटी सुटत नाही.